पावशेर तूप आणि शंभर कोटी अभंग

तुकारामांना स्वप्नात गुरू भेटले. बाबाजी त्यांचं नाव. परंपरा राघवचैतन्य, केशवचैतन्यांची. गंगास्नानाला निघालेल्या तुकारामांना त्यांनी वाटेत गाठलं, डोक्यावर हात ठेवला, मंत्र दिला. माघ शुद्ध दशमी, वार गुरुवार. इथवरचं सगळं कुठल्याही संतचरित्रात शोभून दिसेल. पण तुकाराम एवढ्यावर थांबत नाहीत. गुरूंनी जेवायला पावशेर तूप मागितलं आणि स्वप्नात ते द्यायचं आपण विसरलो, हेही ते त्याच अभंगात नोंदवून ठेवतात. त्यामुळेच काही विघ्न आलं असावं आणि गुरूंनी निघायची घाई केली असावी, अशी चुटपुटही त्यांना लागून राहिलेली दिसते.

दुसऱ्या एका स्वप्नात नामदेव आले, सोबत प्रत्यक्ष पांडुरंग. कविता कर, असं सांगितलं. देवाने थापटून सावध केलं आणि कामाचं मापही ठरवून दिलं: नामदेवांचा संकल्प शंभर कोटींचा होता, त्यातले राहिलेले तू पुरे कर. दृष्टान्तात आकडा सांगणारा देव मला तरी दुसरीकडे फारसा भेटलेला नाही. तुकारामांच्या छापील गाथेत अभंग आहेत साडेचार हजारांच्या घरात. देहूच्या वाण्याला हा हिशेब कळला नसेल असं कोण म्हणेल?

मराठीत अलौकिक अनुभवाबद्दल लिहिणारे बहुधा समाधी, प्रकाश, मौन अशा शब्दांनी सुरुवात करतात. मला मात्र हे तूप आणि हा आकडा जास्त महत्त्वाचा वाटतो. आपल्याकडे ज्याला साक्षात्कार झाला त्याच्या गळ्यात त्याच क्षणी काम पडलं, आणि ते काम म्हणजे गाणं. अनुभव एकट्याला आला असेल, पण टिकला तो दुसऱ्याच्या तोंडी बसला म्हणून. ज्याचा अनुभव कुणाला गाता आला नाही, त्याचं नावही आपल्याला ठाऊक नाही.

याचा सगळ्यात चांगला पुरावा बहिणाबाईंचा आहे. या खानदेशातल्या बहिणाबाई चौधरी नव्हेत, शिऊरच्या संत बहिणाबाई. काळ १६२८ ते १७०० असा सांगतात. जन्म वेरूळच्या पश्चिमेच्या देवगावातला, घर ब्राह्मणाचं. बिजवराशी लग्न झालं ते कळायच्याही आधी. नवरा वयाने कितीतरी मोठा. पुढे गाव सुटलं आणि आईवडील, नवरा, मुलगी असं सगळं बिऱ्हाड फिरत फिरत कोल्हापूरला येऊन बहिरंभटांच्या वाड्यात राहिलं. तिथे घरात एक गाय आली, तिला वासरू झालं. अकरा वर्षांच्या या मुलीचा त्या वासराला असा लळा लागला की ती जिथे जाईल तिथे ते मागोमाग. कीर्तनालासुद्धा.

कोल्हापुरात तेव्हा जयरामस्वामींची कीर्तनं होत. गर्दीत वासरू आडवं येतं म्हणून लोकांनी त्याला बाहेर काढलं, तर स्वामींनी ते परत आत आणायला लावलं, वासराच्या आणि मुलीच्या डोक्यावरून हात फिरवला. झालं. गावात चर्चा सुरू झाली, ती नवऱ्याच्या कानावर गेली आणि त्याने तिला बांधून मारलं. गाय-वासराने चारापाणी सोडलं. पुढे वासरू मेलं. मुलगी बेशुद्ध होऊन पडून राहिली आणि त्या अवस्थेत तिला तुकाराम दिसले.

तिने तुकारामांना कधी पाहिलेलं नव्हतं. देहू तिथून सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटरवर. ओळख होती ती एवढीच की जयरामस्वामी कीर्तनात तुकारामांची पदं म्हणत आणि ती तिने ऐकली होती. तुकाराम हयात असतानाच त्यांचे अभंग इतक्या लांब कोल्हापूरच्या कीर्तनात पोचले होते, हीच मुळात थक्क करणारी गोष्ट. ना छापखाना, ना पोथी हाती पडण्याची शक्यता, शिवाय बाईमाणूस. तिचा गुरू तिच्याकडे आला तो कानांवाटे, चालीवर बसून.

दृष्टान्तानंतरचं जे बहिणाबाई लिहितात त्यासाठी त्यांचं आत्मनिवेदन वाचायलाच हवं. बघ्यांची रीघ लागली. नवरा वेदपाठी, त्याच्या बायकोने शूद्राला गुरू मानलं आणि लोक तिच्याच पाया पडू लागले. आता आपल्याला कोण विचारतं, हा त्याचा जळफळाट बहिणाबाई जवळजवळ त्याच्याच तोंडून मांडतात, आणि तोही अन्याय न करता. तो घर सोडून जायला निघाला, आजारी पडला, वळला, आणि अखेर सगळे देहूला गेले. मार आणि दृष्टान्त हे दोन्ही एकाच लेखणीने, एकाच छंदात लिहिलेले आहेत. एकाचा आवाज चढलेला, दुसऱ्याचा दबलेला, असं कुठे होत नाही. मला त्यांच्या दर्शनावर विश्वास ठेवावासा वाटतो तो यामुळे. मार किती बसला हे जी बाई इतकं नेमकं सांगते, ती बाकीचं उगाच फुगवून कशाला सांगेल?

मरणाच्या आधी त्यांनी मुलाला, विठोबाला, जवळ बसवून आपले आधीचे बारा जन्म सांगितले, हा तेरावा. तेही अभंगातच. जस्टिन अ‍ॅबट या अमेरिकन मिशनऱ्याने १९२९ साली त्यांचं आत्मचरित्र इंग्रजीत नेलं. महाराष्ट्रात मात्र शिऊर कुठे, असं विचारलं तर वैजापूर तालुक्याबाहेरचे किती जण सांगतील याची शंकाच आहे.

हे सगळं ज्या साच्यातून वाहत आलं तो साचा एकदा उघडून बघायला हवा. मोठ्या अभंगाच्या प्रत्येक कडव्यात चार चरण: सहा, सहा, सहा आणि चार अक्षरं. यमक दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणाला. ऱ्हस्व-दीर्घाचं बंधन नाही, मोजायची ती फक्त अक्षरं. त्यामुळे म्हणणारा कुठलंही अक्षर हवं तेवढं लांबवू शकतो आणि आठ मात्रांच्या भजनी ठेक्यात ओळ कशीही बसवता येते. खरी गंमत शेवटच्या चरणात आहे. तो दोन अक्षरांनी आखूड आहे. यमक आधीच होऊन गेलेलं असतं, कान तृप्त झालेला असतो, आणि ओळ अचानक संपते. उरलेल्या जागेत टाळ भरतात, श्वास घेतला जातो, मागचे टाळकरी ध्रुपद उचलतात. निरक्षर माणसाला शेकडो अभंग तोंडपाठ का असतात, याचं निम्मं उत्तर या आखडत्या चरणात आहे.

पंढरपुरातल्या एखाद्या मठात भजनाला बसून पाहावं. समोरासमोर टाळकऱ्यांच्या दोन रांगा, मध्ये विणेकरी, बाजूला मृदंग. मृदंगवाला आधी कणीक तिंबतो. डाव्या तोंडावर ती थापल्याशिवाय घुमारा येत नाही. मग क्रम सुरू होतो, आणि तो कुणाच्या लहरीवर नसतो. आधी मंगलाचरण, त्यात विठ्ठलाच्या रूपाचे अभंग. मग ज्या वाराचे जे अभंग ठरले आहेत ते. गवळणीची जागा वेगळी, भारुडाची वेगळी. कुणाला आज फार दाटून आलं म्हणून मधलाच अभंग काढता येत नाही. लय सुरुवातीला इतकी संथ की नवख्याला वाटतं हे पुढे सरकणार कधी. अर्ध्या-पाऊण तासाने कधीतरी लक्षात येतं की टाळ छातीच्या उंचीवर आलेले आहेत, मंडळी उभी आहेत, पावलं एकाच वेळी मागे-पुढे पडताहेत आणि ध्रुपदाचे चार शब्द अर्थ सोडून नुसता नाद उरलेले आहेत. कुणी डोळे मिटलेला असतो. कुणी सगळ्यांकडे बघून हसत असतो. जास्त वेळ आलाप घेऊन एकट्याने गाणाऱ्याकडे मात्र जुनी मंडळी अशा नजरेने पाहतात की पुढच्या वेळी तो आखडता घेतो.

आळंदीला या सगळ्याचं रीतसर शिक्षण मिळतं. विष्णुबुवा जोग यांनी १९१७ साली तिथे वारकरी शिक्षण संस्था काढली. चार वर्षांचा अभ्यासक्रम, माधुकरी मागून जेवायचं, ज्ञानेश्वरी आणि गाथा तोंडपाठ करायची. त्याआधी कीर्तन फडांमधून, घराण्यांमधून चालत आलेलं. जोगमहाराजांनी ते कुणाही होतकरू पोरासाठी खुलं केलं. त्यांच्याच शिष्यांपैकी सोनोपंत दांडेकर तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक झाले, पुण्याच्या स. प. महाविद्यालयाचे प्राचार्य झाले, आणि तरीही कीर्तनाला उभे राहत राहिले. आळंदीत पहाटे फिरलं तर इंद्रायणीकाठी पोरं घोकंपट्टी करताना दिसतात, कुठे पखवाजाचे बोल, कुठे एकच चाल पुन्हा पुन्हा. अनुभव हा विषय तिथे शिकवायला नाही. शिकवतात ते पाठांतर, ताल, चाल आणि पायऱ्या. बाकीचं आलं तर येईल, नाही आलं तरी कीर्तन बिघडता कामा नये, असा हा व्यवहार आहे आणि तो मला फार शहाणपणाचा वाटतो.

याच्या अगदी उलट बाजूने या साहित्याकडे गेले गुरुदेव रा. द. रानडे. अलाहाबाद विद्यापीठात तत्त्वज्ञान शिकवणारा हा जमखंडीचा माणूस स्वतः निंबाळच्या आश्रमात नामसाधना करी. १९३३ साली त्यांचा महाराष्ट्रातल्या साक्षात्कारी संतांवरचा मोठा इंग्रजी ग्रंथ आला. त्यात त्यांनी संतांची वर्गवारीच करून टाकली: ज्ञानेश्वर बौद्धिक, नामदेव लोकशाही, एकनाथ समन्वयाचे, तुकाराम व्यक्तिनिष्ठ, रामदास कृतिशील. अभंगांमधल्या नाद, प्रकाश, रूप यांच्या नोंदी त्यांनी एखाद्या वैद्याने रोग्यांचे कागद लावावेत तशा लावल्या. पुस्तक आजही दमदार आहे. पण वाचताना सारखं वाटत राहतं की रानडे अभंग वाचताहेत, ऐकत नाहीत. त्या वर्गवारीत टाळ कुठेच वाजत नाही. आणि बहिणाबाईंसारखी साक्ष तर टाळाशिवाय उभीच राहत नाही.

दि. बा. मोकाशी हे तिसऱ्याच जातीचे. पुण्यात रेडिओदुरुस्तीचं दुकान चालवणारा कथाकार, श्रद्धेच्या बाबतीत साशंक. तो पालखीबरोबर चालत गेला आणि १९६४ साली ‘पालखी’ हे पुस्तक लिहिलं. मोकाशींचा मोठेपणा असा की ते भक्तांच्या अनुभवाला खोटं म्हणत नाहीत आणि स्वतःला तो आला असंही भासवत नाहीत. पाय दुखतात, चहा मिळत नाही, शेजारचा वारकरी आपली कहाणी सांगतो, ती ते ऐकून घेतात. ज्याला ऐकायचं कसं हे कळतं पण जो आपल्या कानांनी आपल्यालाच फसवू देत नाही, असा साक्षीदार या विषयाला फार दुर्मीळ. अलीकडच्या वारीच्या वर्णनांमध्ये लेखक पहिल्या मुक्कामालाच गहिवरतो, त्यापेक्षा मोकाशी केव्हाही बरे.

विज्ञानानेही यात थोडं लक्ष घातलं आहे. स्वीडनमधल्या गोथेनबर्ग विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१३ साली दाखवून दिलं की एकत्र गाणाऱ्यांच्या हृदयाचे ठोके बरोबरीने कमी-जास्त होतात, कारण गाण्याची ओळ सगळ्यांचा श्वास एका मापात बांधते. त्याआधी २०११ साली मॉन्ट्रियलच्या एका गटाने अंगावर काटा आणणारं संगीत ऐकताना मेंदूत डोपामिन स्रवतं, आणि तो क्षण यायच्या आधी, नुसत्या चाहुलीनेच स्रवू लागतं, हे मोजलं. समेची वाट बघणाऱ्या कुणालाही हे नवं वाटणार नाही. शरीरात काय घडतं ते यातून कळतं आणि ते कळलेलं चांगलंच. बहिणाबाईंना देहूचाच माणूस का दिसला, हे त्यातून कळत नाही.

आता जरा अवघड जागी यायला हवं. चोखामेळा मंगळवेढ्याला गावकुसाच्या भिंतीखाली गाडले गेले, साल १३३८ मानतात. नामदेव त्यांच्या अस्थी शोधायला गेले. ढिगाऱ्यात अनेकांची हाडं, चोखोबांची कोणती? ज्या हाडांतून विठ्ठलनाम ऐकू आलं ती, अशी कथा आहे. ती त्यांनी पंढरपूरला आणली आणि महाद्वारासमोर, पायरीपाशी समाधी बांधली. कथा अद्भुत आहे, पण मुक्काम बघा: पायरीपाशी. ज्याच्या हाडांतून नाम वाजतं त्यालाही आत जागा नाही. नाद आत गेला, चोखोबांचे अभंग देवळात म्हटले गेले, माणसं बाहेर राहिली. साने गुरुजींनी मे १९४७ मध्ये पंढरपुरात उपोषण केलं तेव्हा कुठे दार उघडलं. सहाशे वर्षं!

इरावती कर्व्यांनी ‘परिपूर्ती’त वारीवर लिहिताना नेमकं याच दुखऱ्या ठिकाणी बोट ठेवलं. त्यांच्या दिंडीत ब्राह्मण आणि मराठे बरोबर चालत, बरोबर अभंग म्हणत आणि जेवायला वेगळे बसत. एकत्र गाण्याने माणसं विरघळतात हे खरं. पण गाणं थांबल्यावर ती किती पटकन पुन्हा घट्ट होतात, हेही तितकंच खरं. चोखोबांच्या घरच्यांनी हे ओळखलं होतं. मुलगा कर्ममेळा तर देवाला थेट जाब विचारतो, मग आम्हाला या जन्माला घातलंस कशाला? त्याची आई सोयराबाई मात्र देव आणि भक्त यांत भेदच उरला नाही असं गाऊन जाते. एकाच घरात, एकाच परिस्थितीत ही दोन टोकं. दोघांपैकी कोण खरं, हा प्रश्न मी सोडवायला जाणार नाही.

सोयराबाईंचा तो अभंग आज घराघरांत पोचला आहे तो किशोरी आमोणकरांच्या भैरवीतून. मैफलीच्या शेवटी त्या हा अभंग गाऊ लागल्या की टाळ्या वाजवायचं भान राहत नसे, असं ऐकणारे सांगतात. ‘स्वरार्थरमणी’ हा रागरसावरचा ग्रंथ लिहिणाऱ्या किशोरीताई स्वराला साधन नव्हे तर देवच मानत. श्रोत्यांची कुजबूजही त्यांना खपत नसे. लोक त्याला लहरीपणा म्हणत. पण देवळात चप्पल घालून आलेल्याला पुजारी बोलला तर आपण त्याला लहरी म्हणतो का?

भीमसेन जोशींनी ‘संतवाणी’ सुरू केली तेव्हा अभंग तिकिटाच्या रांगेत आला. गदगचा हा कानडी माणूस, किराणा घराण्याचा ख्यालिया. चाली राम फाटकांच्या, श्रीनिवास खळ्यांच्या. पण टाळ माऊली टाकळकरांचे, आणि टाकळकर थेट वारकरी परंपरेतले. त्यामुळे सभागृहातल्या खुर्च्यांतही वारीचा ठेका आला, तो बाहेरून आणलेला वाटला नाही. भीमसेन एकच नाम घेत आणि ते इतक्या बाजूंनी फिरवत की पुढचा चरण यायची गरजच वाटू नये. गमावलं काय ते मात्र सांगायला हवं. कीर्तनात अभंग सोडवून सांगितला जातो, त्यावर वाद होतो, ऐकणाऱ्याला चिमटे बसतात. ‘संतवाणी’त तुकारामांचा राग, त्यांची भांडणं, त्यांच्या शिव्या जवळजवळ आल्याच नाहीत, आला तो गोड विठ्ठल. तरीही उलट प्रवासही झालाच. आज खेड्यातल्या भजनी मंडळांत फाटक-खळ्यांच्या चाली सर्रास म्हटल्या जातात आणि म्हणणाऱ्यांना त्या जुन्याच वाटतात.

कुमार गंधर्वांची वाट निराळी. १९४८ च्या जानेवारीत क्षयाने ग्रासलेले कुमार देवासला आले, गाणं बंद. काही वर्षं फक्त ऐकणं. माळव्यातली लोकगीतं, शीलनाथांच्या धुनीवर येणाऱ्या नाथपंथीयांची निर्गुणी भजनं. एक फुप्फुस निकामी झालेला माणूस परत गाऊ लागला तेव्हा त्याच्या गाण्यात लांब श्वासाच्या जागी तुटक, टोकदार फेक आली, आणि निर्गुणाला तीच नेमकी मानवली. पुढे त्यांनी तुकारामांवरही स्वतंत्र कार्यक्रम बांधला. त्यात भीमसेनांचा भरलेला विठ्ठल नाही. एक चिडलेला, एकटा माणूस आहे. मला तो तुकाराम जास्त ओळखीचा वाटतो, पण हा माझ्या स्वभावाचा दोष असेल.

वारीत संध्याकाळी तळावर समाजआरती होते. सगळ्या दिंड्या गोलाकार उभ्या, हजारो टाळ एका लयीत वाजत असतात. चोपदार चोप उंच करतो आणि त्या एका खुणेने सगळे टाळ थांबतात. पण एखाद्या दिंडीची काही तक्रार असेल, पाण्याचा टँकर आला नाही, जागेवरून भांडण झालं, तर ती दिंडी टाळ थांबवत नाही. ती वाजवत राहते. मग चोपदार त्या दिंडीकडे जातो, गाऱ्हाणं ऐकतो, निवाडा सांगतो. त्यानंतर हरवल्या-सापडलेल्या वस्तू पुकारल्या जातात, उद्या किती वाजता निघायचं ते सांगितलं जातं आणि आरती होते.